तोरणमाळच्या पश्चिमेला उभा राहणारा उजेड

फाल्गुनातली अंधारी रात्र आहे. खानदेशातल्या तोरणमाळच्या पठारावर सूर्य मावळून सव्वा तास झाला, संधिप्रकाश पूर्ण विझला, तरी पश्चिमेला एक फिकट उजेड अजून उभा आहे. बुडाशी रुंद आणि वर निमुळता होत गेलेला हा पट्टा गावच्या दिव्यांचा नाही आणि आकाशगंगेचाही नाही. ग्रह ज्या पातळीत सूर्याभोवती फिरतात, त्या पातळीत पसरलेल्या धुळीवर पडून आपल्याकडे वळलेले हे ऊन आहे. त्याला राशिचक्र प्रकाश म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ जॉव्हानी कॅसिनी यांनी १६८३ साली त्याचा बारकाईने अभ्यास सुरू केला.

ही धूळ अतिशय विरळ आहे. उजेड देणारे कण बहुतांशी काही मायक्रॉनांपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) शेकडो मायक्रॉनांपर्यंतचे, म्हणजे फार तर बारीक वाळूएवढे असतात. परंतु आपली नजर कोट्यवधी किलोमीटर धुळीतून जाते, म्हणून त्यांचा एकत्रित उजेड दिसतो.

ही धूळ टिकते कशी, हा खरा प्रश्न आहे. खानदेशात याच सुमारास दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, खळ्यावर येते. उफणताना वारा भूस लांब नेतो आणि दाणा पायाशी पडतो. सूर्यप्रकाशही कणांची अशीच निवड करतो. साधारण अर्ध्या मायक्रॉनहून बारीक कणांना त्याचा दाब सूर्यमालेबाहेर लोटतो. मोठ्या कणांचे मात्र उलट होते. सरळ पडणारा पाऊस धावणाऱ्याच्या तोंडावर येतो, तसे वेगाने फिरणाऱ्या कणावर ऊन किंचित समोरून पडते. या अत्यंत क्षीण अडथळ्याने त्याची कक्षा आकसत जाते आणि हजारो वर्षे चक्राकार घसरत तो सूर्याकडे ओढला जातो. जॉन पॉइंटिंग यांनी हा परिणाम १९०३ साली मांडला आणि हॉवर्ड रॉबर्टसन यांनी १९३७ साली सापेक्षतेच्या आधारे त्याची नेमकी मांडणी केली.

याचा अर्थ असा, की कणातले द्रव्य साडेचार अब्ज वर्षांचे असले, तरी कण म्हणून तो मोकळा झाला आहे अलीकडेच. धुळीचा पुरवठा आजही चालू आहे.

एक उगम मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांचा. ते एकमेकांवर आदळून फुटतात. १९८३ साली आयरास या अवरक्त दुर्बिणीला अशा टकरींतून निघालेल्या धुळीचे पट्टे दिसले. टकरींतून केवळ धूळ निघते असे नाही. १८४३ साली खानदेशातल्याच मानेगावला पडलेली अशनी डायोजेनाइट जातीची आहे, आणि या जातीचे दगड वेस्टा या लघुग्रहावरून सुटलेले मानले जातात.

दुसरा उगम धूमकेतूंचा. सूर्याजवळ त्यांच्यातल्या बर्फाची वाफ होते आणि त्यात अडकलेली धूळ मोकळी होते. पुष्कळ काळ लघुग्रहांचा वाटा मोठा समजला जाई. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार मात्र आतल्या ग्रहांजवळची बहुतेक धूळ गुरूच्या प्रभावाखाली फिरणाऱ्या लहान आवर्तनकाळाच्या धूमकेतूंची ठरते. उजेडाच्या पट्ट्याची जाडी त्यानेच नीट उलगडते, त्यामुळे हे मत मला अधिक पटण्याजोगे वाटते.

यातली काही धूळ पृथ्वीवर उतरते. ती आपल्या छपरांवरही पडते. पण इथे लोहचुंबक फिरवून गोळा केलेल्या काळ्या गोल कणांत कोळशाच्या राखेचे तसेच कण मिसळलेले असतात आणि निवाडा अवघड होतो. म्हणून संशोधक अंटार्क्टिकाचा स्वच्छ बर्फ वितळवून गाळतात. तिथल्या कणांवरून २०२१ साली काढलेला अंदाज असा, की दरवर्षी सुमारे ५,२०० टन अवकाशधूळ जमिनीपर्यंत पोहोचते.

तोरणमाळवर पट्ट्याचे बूड आता क्षितिजाआड गेले आहे. आश्विनात, चंद्र नसलेल्या पहाटे, पूर्व फटफटण्याच्या तासभर आधी तो त्या बाजूला दिसेल.