परतीचं पाणी

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्यांपैकी बहुतेक जण सहल नेणारे आहात. कुणी शाळेच्या मुलांना नेतं, कुणी कयाकिंगचा गट चालवतं, कुणी दर सुट्टीला घरच्या दहा-बारा जणांची मोट बांधून पाण्यावर निघतं. मीही गेली बरीच वर्षं हेच करते आहे.

आखणीला बसलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: निघायचं किती वाजता? तो प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी विचारा, परत येताना पाणी कुठे असेल?

हा प्रश्न मला एका खाडीने शिकवला. आम्ही अकरा जण होतो, कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद छोट्या होड्या, घेऊन. भरती सकाळी साडेनऊला. बेत सरळ होता: आठला निघायचं, चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, पाणी थबकलं की किनाऱ्यावर थोडा विसावा घ्यायचा आणि उतरत्या पाण्याबरोबर बाहेर यायचं. दोघांना यायला उशीर झाला, आम्ही आठ पन्नासला निघालो. आत गेल्यावर सगळे रमले. मुलं पाण्यात डुंबत होती, मोठी माणसं सावलीत आडवी झाली होती, आणि त्यांना उठवणं माझ्या जिवावर आलं. आम्ही निघालो ते साडेबाराला. सव्वाच्या सुमारास धक्का दिसायला लागला, पण धक्का आणि आमच्यामध्ये पाणीच नव्हतं. शंभरेक मीटर नुसता ओला, चकचकीत चिखल.

मी पहिली उतरले. पहिल्या पावलाला घोट्यापर्यंत गेले, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत. पाय वर ओढला की चिखल तो खालून धरून ठेवतो आणि सगळं वजन दुसऱ्या पायावर येऊन तो आणखी खोल जातो. सँडल तिथेच राहिली. आमच्यातली बारा वर्षांची एक मुलगी कयाकमध्ये बसून माझ्याकडे बघत होती. ती रडली नाही, फक्त वल्हं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. शेवटी आम्ही कयाकवर पालथे पडलो, वजन पसरलं आणि हातांनी चिखल मागे सारत एकेक कयाक पुढे सरकवली. शंभर मीटरला सव्वा तास लागला. कुणाला काही झालं नाही. पण त्या मुलीची ती पकड माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

उशिरा आलेल्या दोघांना मी कधी दोष दिला नाही. परत फिरायची वेळ मी फक्त मनात ठेवली होती, कुणाला सांगितली नव्हती. चूक माझी होती.

आता तीच सहल उलटी आखून बघा. समजा, धक्क्याच्या पायथ्याशी भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास पुरेसं पाणी असतं. भरती साडेनऊला, म्हणजे परतीचं दार बंद होणार साडेअकराला. त्यातला अर्धा तास राखीव ठेवा, अकरा वाजले. परतीला पाऊण तास लागतो, सव्वादहा झाले. अकरा जणांना सामान आवरून कयाकमध्ये बसायला वीस मिनिटं लागतात. म्हणजे नऊ पंचावन्नला उठायचं. ही वेळ निघण्याआधी सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगायची. कुणाला यायला पन्नास मिनिटं उशीर झाला, तर ती पन्नास मिनिटं विसाव्यातून वजा होतील. परतीच्या वेळेला हात लावायचा नाही.

पाणी एका चालीने उतरत नाही, हेही लक्षात घ्या. खलाशी लोक बाराव्या हिश्शांचा हिशेब वापरतात. ओहोटीचे साधारण सहा तास धरा आणि एकूण जेवढं पाणी उतरणार त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. भरती-ओहोटीतला फरक चार मीटरचा असेल, तर पहिल्या तासात जेमतेम तेहतीस सेंटीमीटर पाणी जातं आणि तिसऱ्या तासात चक्क एक मीटर. मधल्या दोन तासांत अर्धं पाणी निघून जातं. पहिला तास बघून माणसाला वाटतं, अजून भरपूर वेळ आहे. आम्हालाही तसंच वाटलं होतं, आणि आम्ही निघालो तेव्हा तिसरा तास संपला होता. हा हिशेब ठोकताळा आहे. अरुंद, उथळ खाड्यांत आणि दिवसातून एकदाच भरती येते अशा किनाऱ्यांवर तो बिघडतो. तरी एखाद्या ठिकाणाची पहिली ओळख करून घ्यायला पुरतो.

छोट्या गावांतला नेहमीचा घोटाळा वेगळाच असतो. कुणीतरी जाहीर करतं, ‘दर शनिवारी चार वाजता नौकाविहार.’ पहिल्या शनिवारी पाणी धक्क्याला टेकलेलं असतं, सगळे खूश. पुढच्या शनिवारी चारला तिथे खडक उघडे पडलेले असतात. कारण सोपं आहे. दिवसातून दोनदा भरती येते अशा किनाऱ्यावर ती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत जवळजवळ सहा तास सरकते, म्हणजे भरतीच्या जागी ओहोटी येते. पंधरवड्याने मात्र चित्र पुन्हा जुळतं, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सोडला तर. त्यामुळे शनिवार धरायचाच असेल तर एकाआड एक धरा, किंवा वेळ दर आठवड्याला बदला आणि फलकावर ती ठळक लिहा.

याच्याच जोडीला आणखी एक उपयोगी गोष्ट. अमावास्या-पौर्णिमेच्या एक-दोन दिवस पुढे उधाण येतं. तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फरक कमी आणि प्रवाह मंद. आणि एकाच जागी उधाणाची भरती वर्षभर साधारण त्याच सुमाराच्या वेळांना येते. तुमच्या गावात ती सकाळ-संध्याकाळी येते की दुपारी आणि मध्यरात्री, एवढं पाठ झालं की आकाशातला चंद्र बघून पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधता येतो. नवख्यांना, लहान मुलांना पहिल्यांदा न्यायचं असेल तर भांगाचे दिवस निवडा. माझा यावर फार भर आहे.

भरती-ओहोटीचा छापील तक्ता बघाच, पण तो वाचायला शिकून घ्या. तक्ता बहुधा जवळच्या मोठ्या बंदराचा असतो. तुमच्या गावची वेळ त्याच्या पुढे-मागे असते आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते. तक्त्यातला मीटरचा आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. ती एका ठरावीक नीच पातळीपासून मोजलेली उंची असते, तुमच्या धक्क्याचा तळ त्याच्या वर आहे की खाली हे तक्त्याला ठाऊक नसतं. आणि तक्ता चंद्र-सूर्याच्या गणितावर बनतो, त्या दिवशीची हवा त्यात नसते. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे एक सेंटीमीटर चढतं, किनाऱ्याकडे रेटणारा वारा आणखी भर घालतो.

म्हणून मी काठी वापरते. जमल्यावर पहिलं काम म्हणजे पाण्याच्या काठाशी वाळूत एक काठी रोवायची. मग सामान उतरवा, हजेरी घ्या. दहा मिनिटांनी बघा, पाणी काठीच्या कुठल्या बाजूला गेलंय आणि किती. तक्ता, घड्याळ आणि काठी तिन्ही एकच सांगत असतील तर चला. काठी वेगळं सांगत असेल, तर थांबून का ते शोधा. मुलांना हे काम फार आवडतं, त्यांनाच द्या.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर लिंडिसफार्न नावाचं बेट आहे. तिथे जाणारा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. सुरक्षित वेळा जाहीर केलेल्या असतात, रस्त्याच्या तोंडाशी धोक्याचे फलक आहेत, वाटेत अडकलेल्यांना चढून बसता यावं म्हणून खांबांवर उभारलेली खोलीही आहे. तरी गाड्या अडकतात. वेळ त्या सगळ्यांना माहीत असते. आपल्याला अजून पाच मिनिटं मिळतील असं प्रत्येकाला वाटतं, आणि हे मला अगदी आतून कळतं.

आता वारा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, आणि उशिरा सकाळी खारे वारे सुटतात. दुपारी त्यांचा जोर सर्वांत जास्त, संध्याकाळी उतरतो. सकाळी आरशासारखं दिसलेलं पाणी दोनला तसं राहत नाही. लहानांच्या आणि वल्ह्याच्या सहली सकाळी उरकाव्यात, त्याचं कारण हे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, म्हणून ‘जरासाच वाढलाय’ असं पाण्यावर म्हणू नये. वारा एकीकडून आणि प्रवाह दुसरीकडून आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. नदीच्या मुखाशी वाळूचा बांध असेल तर ओहोटीच्या वेळी ती जागा लहान होडीसाठी सर्वांत वाईट.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याची. किनाऱ्यालगत आडोसा असतो, म्हणून पाणी शांत दिसतं. शंभर-दोनशे मीटर आत गेलं की आडोसा संपतो. फुगवलेला तराफा किंवा हवेची गादी त्या वाऱ्याला पानासारखी असते, आणि मागे पोहणारा माणूस तिला गाठू शकत नाही. असा वारा असेल त्या दिवशी फुगवलेलं काहीही पाण्यात उतरवायचं नाही. रडारड झाली तरी नाही.

वारा डोळ्यांनीही मोजता येतो. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याची श्रेणी लावायला घेतली. आज वापरतात त्या श्रेणीत तिसऱ्या पायरीला, ताशी १२ ते १९ किलोमीटरला, लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसतो. चौथ्या पायरीला, ताशी २० ते २८ किलोमीटरला, तो जागोजाग दिसतो. नवख्यांसोबत असताना जागोजाग फेस दिसला की मी निघत नाही. नवखा माणूस सपाट पाण्यात ताशी चार-पाच किलोमीटरने वल्हवतो. दोन नॉटचा प्रवाह म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटर. हातात काय उरतं ते बघा.

लाटांच्या किनाऱ्यावर पोहायला नेणार असाल तर रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह, ओळखायला शिका. फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत एक शांत, गडद पट्टा दिसतो, आणि मुलं नेमकी तिथे उतरतात, कारण तिथे लाटा नाहीत. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच वाटेने परत जात असतं. त्यात सापडलात तर प्रवाहाशी झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा.

लाइफ जॅकेटबद्दल थोडक्यात. त्यावरचा न्यूटनचा आकडा म्हणजे तरंगवून धरण्याचं बळ. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्या, शुद्धीवरच्या माणसाला तरंगायला मदत करतं. बेशुद्ध माणसाचं तोंड वर करण्यासाठी १५० न्यूटनचं लागतं. मापाची परीक्षा अशी घ्या: जॅकेट बांधल्यावर खांद्यांना धरून वर ओढा. ते कानांपर्यंत सरकलं तर माप चुकलं. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. मोबाइल पाणी लागणार नाही अशा पिशवीत ठेवा, पण ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. होडीवर व्हीएचएफ रेडिओ असेल तर संकटाची हाक सोळा क्रमांकाच्या चॅनेलवर.

आणि मासेमारी करणाऱ्यांना विचारा. छोट्या गावात होड्या पाण्यात उतरवायला बहुधा एकच उतार असतो आणि भरतीला तो त्यांना पोटासाठी लागतो. आपली सहल त्यांच्या आड येऊ नये, हे आधी बोलून घ्या. मग विचारा, ‘तुम्ही होडी कुठे नेत नाही? कुठल्या वाऱ्याला निघत नाही?’ कुठे जावं हे विचारलं की लोक चांगल्या जागा सांगतात. कुठे जात नाही हे विचारलं की खडक, भोवरे आणि चिखल सांगतात. एकाने मला अशी एक जागा दाखवली, जिथे पाणी वरून मागे-पुढे काहीच करत नाही आणि खालून ओढतं. ती कुठल्याही तक्त्यात नव्हती.

शेवटचं काम कागदाचं. निघण्याआधी किनाऱ्यावर राहणाऱ्या एका माणसाच्या हातात चिठ्ठी द्या: किती जण, कुठली वाट, कयाकचे रंग, परतीची वेळ, आणि त्यानंतर किती मिनिटांनी मदत मागायची ते. रद्द करायच्या अटीही त्यातच आदल्या रात्री लिहा, कारण सगळे पोशाख घालून उभे असताना नाही म्हणणं फार जड जातं. मी आता चिठ्ठीच्या डोक्यावर परत फिरायची वेळ मोठ्या अक्षरात लिहिते आणि ती मोठ्याने वाचायला गटातल्या सर्वांत लहान मुलाला सांगते. परत आलात की चिठ्ठी धरलेल्या माणसाला आधी कळवा, कपडे मागाहून बदला. नाहीतर तुम्ही घरी आणि बचावाची नाव तुम्हाला शोधायला पाण्यात, असं होतं.