चौथ्या मजल्यावरून हरकत आहे

श्रोतेहो, नमस्कार.

30 सप्टेंबर जवळ आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या बोर्डावर एकच नोटीस झळकते: वार्षिक सर्वसाधारण सभा. कायद्यानं ती तोवर उरकायची असते. हल्ली त्या नोटिशीच्या तळाशी एक लिंकही असते. म्हणजे निम्मे सभासद खाली खुर्च्यांवर आणि निम्मे मोबाइलवर. कुणी बंगळूरला, कुणी जर्मनीत, तर कुणी तिसऱ्याच मजल्यावर, गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून. अशा मिश्र सभेचा आवाज आणि चित्र कसं लावायचं, यावर आज बोलायचं आहे.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, मधे पुन्हा सांगेन. आधी आवाज, मग चित्र. सेक्रेटरींचा चेहरा दिसला नाही तरी कुणाचं काही अडत नाही. ते काय बोलले हे ऐकू आलं नाही तर अडतं.

मला हे कसं कळलं, तर माझ्याच चुकीतून. कोथरूडमध्ये आमची चार मजली सोसायटी. बिल्डिंगपुढच्या मोकळ्या पार्किंगमध्ये ताडपत्री बांधून सभा भरते. मी नुकताच निवृत्त झालो होतो, आणि निवृत्त माणसाला कॉम्प्युटरमधलं कळतं असा आमच्याकडे समज आहे. लिंक जोडायचं काम माझ्याकडे आलं. मी घरचा लॅपटॉप कमिटीच्या टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, झूम सुरू केलं, आणि माझं काम झालं असं समजून मिसळीच्या ऑर्डरकडे वळलो.

सेक्रेटरी उभे राहिले. त्यांच्यापुढे माईक धरला, तर म्हणाले, "मला नको. माझा आवाज गेटपर्यंत जातो." जात होताच, त्यात वाद नाही. पण ऑनलाइनवाल्यांत एकजण अमेरिकेतल्या सॅन होजेहून बसला होता, आणि सॅन होजे गेटच्या बरंच पुढे आहे. शिवाय सेक्रेटरी लॅपटॉपपासून दहा फुटांवर, आणि खजिनदारांचा चहाचा कप लॅपटॉपपासून वीतभर. आपला कान गर्दीतूनही हवा तो आवाज उचलतो. लॅपटॉपचा माईक निवड करत नाही, जवळ जे असेल ते घेतो. ऑनलाइनवाल्यांना त्या दिवशी साखर ढवळण्याचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला. अहवाल नाही.

मग शिट्टी सुरू झाली. खुर्च्यांवर बसलेल्या दोघांनी, "बघू तरी चालतंय का" म्हणून, आपापल्या मोबाइलवर तीच लिंक उघडली होती. लॅपटॉपचा आवाज त्यांच्या माईकमध्ये, त्यांच्या मोबाइलचा आवाज लॅपटॉपच्या माईकमध्ये, असा फेरा चालू झाला की आवाज वाढत वाढत किंकाळी फोडतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घाबरलो आणि लॅपटॉपचा आवाज थेट शून्यावर आणला. शिट्टी थांबली, चक्क टाळ्या पडल्या. बारा माणसांची तोंडं आपण बंद केली, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

विषय होता रंगकामाचा. फ्लॅटमागे पंचवीस हजार जादा वर्गणी. सेक्रेटरींनी विचारलं, "कुणाची हरकत?" सगळे शांत. "कुणाची हरकत नाही. ठराव सर्वानुमते..."

"हरकत आहे!"

श्रोतेहो, आवाज वरून आला. डोक्यावर ताडपत्री, त्यामुळे माणूस दिसेना, नुसता आवाज. आकाशवाणीवर बोलतोय म्हणून सांगत नाही, पण शब्दशः आकाशवाणी झाली. चौथ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या मोबाइलवरून सभेला बसल्या होत्या आणि पंधरा मिनिटं मोबाइलमध्ये ओरडत होत्या. बिल्डिंगला लिफ्ट नाही. म्हणून तर लिंक.

"अहो सेक्रेटरी, इथं सगळे बोंबलतायत, तुम्हाला काही ऐकू येतंय का?"

सेक्रेटरी ताडपत्रीकडे बघून म्हणाले, "काकू, कोण बोंबलतंय?"

"सगळेच. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा मुलगा विचारतोय, तीन कोटेशनं घेतली का?"

हा मुलगा सॅन होजेचा. आपल्याकडे रविवारी सकाळचे अकरा, त्याच्याकडे शनिवारी रात्रीचे साडेदहा. सेक्रेटरी म्हणाले, "दोनच आली." काकूंनी मोबाइलमध्ये सांगितलं, "दोनच आली म्हणतायत." पुन्हा वरून, "तो म्हणतोय, मग तिसरं का नाही मागवलं?" असं वीस मिनिटं चाललं. खालचं वर आणि वरचं खाली. मधेच एकदा काकू करवादल्या, "अहो, मला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतंय!" येणारच. हवेतून आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे चौथ्या मजल्यावर तो लगेच पोचतो. तोच आवाज इंटरनेटवरून फिरून मोबाइलमध्ये येईपर्यंत अंमळ उशीर होतो. काकूंनी त्यावर स्वतःच उपाय काढला. मोबाइलचा आवाज बारीक केला, सेक्रेटरी गॅलरीतून ऐकले आणि मुलगा मोबाइलमधून.

रंगकाम त्या दिवशी मंजूर झालं नाही. तिसरं कोटेशन मागवायचं ठरलं.

इथं जरा विषय सोडून बोलतो. हल्ली फ्लॅट घेतला की पहिलं काम म्हणजे गॅलरी काचा लावून हॉलमध्ये घेणं. आमच्या बिल्डिंगमध्ये एकट्या काकूंनी घेतली नव्हती. बाकी मी काही बोलत नाही.

तर काकूंनी त्या दिवशी केलं, ते काम प्रत्येक मिश्र सभेत एका माणसाला नेमून द्या. त्याच्याकडे दुसरं काहीही नको. कानात इअरफोन, नजर स्क्रीनवर, आणि ऑनलाइन कुणी हात वर केला की सभा थांबवायचा अधिकार. पुन्हा सांगतो, अधिकार. नुसतं बसवून ठेवलं तर तो बिचारा "एक मिनिट हं" म्हणत राहतो आणि ठराव पुढे निघून जातो.

आता माईक. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, त्यामुळे लॅपटॉप कितीही महागडा घेतलात तरी दहा फुटांवरून भागत नाही. बोलणाऱ्याच्या हातात माईक हवा, तोंडापासून मूठभर अंतरावर. प्रश्न विचारणाऱ्याच्याही हातात हवा. "माझा आवाज पोचतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगा, माईक आमच्यासाठी नाही, जे इथं नाहीत त्यांच्यासाठी आहे. आणि कृपा करून माईकमध्ये फुंकर मारून बघू नका. पुण्यात भाषणाची एवढी जुनी हौस, वसंत व्याख्यानमाला 1875 पासूनची, तरी आपल्याला माईक हातात आला की मेणबत्ती विझवल्यासारखं वाटतं. आकडे बोला, एक, दोन, तीन.

मंडपवाल्याचा अॅम्प्लिफायर असेल तर त्याच्या मागे बहुधा लाइन आउटची, म्हणजे आवाज बाहेर देणारी, जागा असते. तिथून केबल छोट्या यूएसबी साउंड कार्डात, म्हणजे आवाज लॅपटॉपला देणाऱ्या डबीत, आणि ते लॅपटॉपला. स्पीकरच्या तारा लॅपटॉपला जोडायचा प्रयोग मात्र करू नका, लॅपटॉप जाईल. केबल आणि कार्ड दोन्ही पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत मिळतात. एक पथ्य पाळा: ऑनलाइनवाल्यांचा आवाज हॉलच्या स्पीकरवर यावा, पण केबलमधून त्यांच्याकडे परत जाऊ नये. नाहीतर प्रत्येकाला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो. साउंडवाल्याला एवढं वाक्य सांगा, चांगला असेल तर त्याला कळतं. आणि खुर्च्यांवरच्यांनी लिंक उघडायची नाही. अजिबात उघडायची नाही.

चित्राचं लवकर उरकतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, अध्यक्षांच्या पाठीशी खिडकी नको, नाहीतर अध्यक्षांची नुसती सावली दिसते. नेट अडखळायला लागलं तर व्हिडिओ बंद करा आणि आवाज चालू ठेवा. आधी आवाज, मग चित्र. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. झूमचं खातं फुकटातलं असेल तर 40 मिनिटांनी मीटिंग संपते, आणि आमच्याकडे 40 मिनिटांत मागचं इतिवृत्तही वाचून होत नाही.

राहिली तालीम. आदल्या दिवशी संध्याकाळी, त्याच जागी, त्याच माईकवर. आमच्याकडे आता तालमीला काकूंना फोन लावतात. परवा सेक्रेटरी माईक धरून म्हणाले, "काकू, येतंय का ऐकू?" उत्तर स्पीकरवर आलं, आणि लगेच ताडपत्रीवरूनही. "खजिनदारांना म्हणावं, चहा लांब ठेवा."

नमस्कार.