बोरघाटातली उलटी गाडी

(राजमाची पॉइंट. खालून गाडी चढते आहे.)

समोरच्या गाडीचं शेपूट बघा. ओढणारं इंजिन पुढे आहेच, पण मागूनही इंजिनं ढकलताहेत. हे बँकर. कर्जतला लागतात, आणि ते लागेपर्यंत फलाटावर वडापाव खपतो.

पुण्याला जाणारे बहुतेक जण द्रुतगती मार्गानं घाट चढतात आणि थेट चिक्कीच्या दुकानाशी थांबतात. घाटाला वळसा देणाऱ्या नव्या रस्त्याच्या, म्हणजे ‘मिसिंग लिंक’च्या बोगद्यांतून तर घाट दिसायचाही नाही. आम्ही म्हणून खोपोलीहून जुना रस्ता धरला.

(शिंग्रोबाचं देऊळ. गाड्यांतून पडणारी नाणी.)

हा शिंग्रोबा. ट्रकवाला असो की दुचाकीवाला, नाणं टाकून पुढे जातो. साहेबाला डोंगरातून वाट सापडेना, ती या धनगरानं दाखवली. बक्षीस म्हणून त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि छातीवर गोळी झेलली, असं लोक सांगतात. कागदांवर नाव आहे ते जेम्स बर्कले यांचं, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या मुख्य अभियंत्याचं.

१८५६ मध्ये मुंबईची आगगाडी खोपोलीपर्यंत आली होती. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली. मधे उभा घाट. प्रवाशांनी खोपोलीला उतरायचं, पालखीतून नाहीतर पायी वर चढायचं आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायची.

हा तुटलेला तुकडा जोडायचा म्हणजे सुमारे २५ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून जास्त उंची गाठायची. सगळ्यात कठीण चढाला ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर. आकडा किरकोळ वाटतो, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरायला एवढा चढ पुरतो.

(बोगद्याचं तोंड. कातळावरच्या खुणा.)

हा काळा कातळ हातानं फोडलेला आहे. डायनामाइट तेव्हा निघालंच नव्हतं. कड्यावर पाय ठेवायला जागा नाही, म्हणून माणसं दोरांना लोंबकळून पहारीनं भोकं पाडत, त्यांत दारू ठासत आणि वात पेटली की वर ओढून घेतली जात. असे २५ बोगदे झाले. पावसाळ्यात काम बंद. १८६१ मध्ये घाटात ४२ हजारांवर माणसं राबत होती.

पहिला कंत्राटदार फेव्हिएल. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला, पुढे त्यानं काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अ‍ॅलिस परत गेली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. तिनं कंत्राट स्वतःच्या नावावर घेतलं, हाताशी अनुभवी अभियंते धरले आणि घाट पुरा करून घेतला. २१ एप्रिल १८६३ ला मार्ग सुरू झाला. पटकीच्या साथींत हजारो मजूर दगावले होते.

(जुन्या मार्गाचे अवशेष. नकाशा.)

आता आमच्या आवडीची जागा. इथे डोंगराच्या नाकाडावर गाडी वळवायला जागाच नव्हती. बर्कले यांनी वळण टाळलं. गाडी सरळ या टोकापर्यंत आणायची, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला जोडायचं आणि शेपटाचं तोंड करून उरलेला चढ चढायचा. हे रिव्हर्सिंग स्टेशन. १९२९ मध्ये नवा मार्ग आला आणि त्याचं काम संपलं.

तेव्हापासून इथे झुडपं आहेत. जवळचा दगडी कमानींचा अमृतांजन पूल द्रुतगती मार्गाला अडचण होत होता, तो एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत सुरुंग लावून पाडला. रस्ता मोकळा झाला, ते खरंच. पण उरलेले दगड तरी कुंपण घालून राखावेत, दोन ओळींची पाटी लावावी. त्याला किती खर्च येणार?

(उतरणारी गाडी. कॅच साइडिंग.)

आणि हा बाजूला चढावर जाणारा रूळ. उतरणारी गाडी इथे थांबून ब्रेक तपासून घेते. सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा जोड, आधीपासून या चढाकडेच लावलेला असतो. गाडी ठरल्याप्रमाणे थांबली, तरच तो मुख्य मार्गाकडे फिरवतात. ब्रेक लागले नाहीत तर गाडी आपोआप चढावर जाते आणि तिचा वेग तिथेच मरतो.