निजलेले बाळ आणि जागी मूत्रपिंडे

नमस्कार, श्रोतेहो. इंदूरच्या रामबागेत एका डोहाळेजेवणाला गेले होते. पाटावर बसलेल्या मुलीने मला हळूच विचारले, की बाळ थोडा वेळ खूप हलते आणि मग अर्धा तास अगदी गप्प होते, हे ठीक आहे ना? मी उत्तर देण्याआधीच शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, निजलं असेल."

आजींचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. नेदरलँड्समधील नायहाउस, प्रेख्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली दाखवून दिले, की साधारण छत्तिसाव्या आठवड्यापासून गर्भातील बाळाच्या चार अवस्था स्पष्टपणे ओळखता येतात. शांत झोपेत बुबुळे स्थिर असतात, एखाद्या दचकण्याखेरीज हालचाल नसते आणि हृदयाच्या ठोक्यांत चढउतार फार थोडा दिसतो. चळवळ्या झोपेत पापण्यांआड बुबुळे फिरतात, हातपाय हलतात, ठोके मधूनमधून वाढतात. बाळाचा सर्वाधिक वेळ हिच्यातच जातो. उरलेल्या दोन अवस्था जागेपणाच्या. शांत झोप बहुधा 20 ते 40 मिनिटे टिकते, म्हणूनच ठोक्यांचा आलेख 20 मिनिटांत समाधानकारक आला नाही तर तो 40 मिनिटांपर्यंत लांबवतात. आईला वाटते काहीतरी बिघडले. पुष्कळदा आपण बाळाच्या जागे होण्याची वाट पाहत असतो, इतकेच.

आता मूत्रपिंडांकडे वळू. बाळाचे रक्त शुद्ध करण्याचे काम वार, म्हणजे प्लॅसेंटा, करते, त्यामुळे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा मूत्रपिंडांना मिळणारा वाटा फार लहान असतो. मोठ्या माणसात तो सुमारे पाचवा हिस्सा भरतो. तरीही लघवी भरपूर आणि पातळ होते, आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धातील गर्भजल मुख्यतः तिचेच बनते. हे सांगितले की काही सासवा तोंड मुरडतात. बाळ मात्र तेच पाणी निवांत गिळत असते. शांत झोपेतून चळवळ्या झोपेत जाताना मूत्राशय रिकामे होताना अनेकदा दिसते, आणि महारोहिणीतील, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीतील, रक्तप्रवाहाचा अडथळाही चळवळ्या झोपेत कमी होतो. त्यामुळे बाळ कोणत्या अवस्थेत आहे हे न पाहता घेतलेल्या दोन डॉप्लर नोंदींची (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह मोजणाऱ्या तपासणीच्या) तुलना करण्यात, माझ्या मते, फारसा अर्थ नाही.

झोपेमुळे होणारे हे बदल काही मिनिटांचे असतात. प्राणवायूची टंचाई दीर्घकाळ राहिली, तर बाळ आपले रक्त मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींकडे वळवते, मूत्रपिंडांच्या वाट्याला कमी येते, लघवी घटते आणि गर्भजल ओसरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही बाळाची लघवी कमी होऊ शकते. म्हणून 2020 साली अमेरिकेच्या औषध नियामकाने विसाव्या आठवड्यानंतर त्या टाळण्याचा इशारा दिला. कंबर दुखते म्हणून घरातली गोळी परस्पर घेऊ नका.

त्या मुलीला मी सांगितले, की अर्ध्या तासाची शांतता चालेल, पण नेहमीपेक्षा हालचाल कमी वाटली, तर "निजलं असेल" म्हणून रात्र काढायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. आजींनीही मान डोलावली.