गोळी मध्येच का सुटते

काही दिवसांपूर्वी एक आजी आल्या आणि गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, मला वेड लागलंय असं वाटतं का तुम्हाला?" मधुमेहाने नसा दुखावल्यामुळे त्यांच्या तळपायांची रात्रभर आग व्हायची. त्यासाठी मी ड्युलॉक्सेटीन दिलं होतं. नातवाने मोबाइलवर नाव शोधलं, 'नैराश्यावरचं औषध' असं वाचून दाखवलं आणि त्याच रात्री गोळी बंद झाली. चूक माझी होती. ती कशासाठी आहे, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

या औषधांच्या नावावर फार जाऊ नका. इमिप्रामिन हे औषध स्वित्झर्लंडमध्ये मनोविकारतज्ज्ञ रोलांड कून यांनी आधी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. तिथे ते लागू पडलं नाही, पण गाढ नैराश्यातली माणसं सुधारताना दिसली, आणि 1957 साली त्यांनी ते जाहीर केलं. आयप्रोनायझिड तर क्षयरोगावरचं औषध. ते घेणारे मरगळलेले रुग्ण एकदम उत्साहाने वावरू लागले, तेव्हा कुठे डॉक्टरांचं मनाकडे लक्ष गेलं. आजही अमिट्रिप्टिलीन अगदी कमी मात्रेत, 10 ते 25 मिलिग्रॅम, अर्धशिशी टाळण्यासाठी आणि नसांच्या दुखण्यासाठी देतात. ब्युप्रोपिऑनचा उपयोग सिगारेट सोडवायलाही होतो. फ्लुऑक्सेटीन, सरट्रालीन, एसिटालोप्राम ही एसएसआरआय गटातली, म्हणजे सेरोटोनिनचा परिणाम वाढवणारी, औषधं नैराश्याबरोबरच पॅनिक अटॅक, सततची चिंता आणि मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, अशा त्रासांतही वापरतात. ओसीडीला बहुधा मात्रा जास्त लागते आणि धीरही जास्त, दहा-बारा आठवड्यांचा.

धीराबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त गोळ्या पहिल्या पंधरा दिवसांत सुटताना मी पाहतो. सेरोटोनिन हे पेशींमध्ये निरोप पोहोचवणारं रसायन, आणि आपल्या शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं. त्यामुळे एसएसआरआय सुरू केलं की पहिल्या दिवसापासून मळमळ, पोट बिघडणं, डोकेदुखी, कधी बेचैनी. मन हलकं व्हायला मात्र दोन ते चार आठवडे, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. आधी त्रास, मग आराम, असा हा उलटा क्रम आहे. आधीच खचलेल्या माणसाला कुणी तो सांगितला नाही, तर त्याने गोळी का घेत राहावं? 'मेंदूत सेरोटोनिन कमी पडलंय, ते भरून काढतोय' हे स्पष्टीकरण सोपं आहे, पण अपुरं आहे. सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो. त्याला जुळवून घेत मेंदूच्या पेशी हळूहळू बदलतात, आणि तेवढा वेळ द्यावाच लागतो.

फरक आधी घरच्यांना कळतो. एक गृहस्थ तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाले, "काहीच उपयोग नाही." शेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली, "काल यांनी आपणहून दाढी केली." मी कागदावर तेवढंच लिहून घेतलं आणि मात्रा तीच ठेवली.

याच आठवड्यांत घरच्यांचं लक्ष आणखी एका कारणासाठी हवं. पंचविशीच्या आतल्या काही रुग्णांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2004 मध्ये मुलांसाठी आणि 2007 मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तसा ठळक इशारा छापायला लावला. अस्वस्थता वाढली, झोप उडाली, बोलण्यात मरणाचा विषय आला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच फोन करा. आणि पूर्वी कधी झोपेविना दिवसेंदिवस अंगात उधाण आल्यासारखं झालं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. तो बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उधाण असा आजार, असेल तर नुसतं नैराश्याचं औषध रुग्णाला दुसऱ्या टोकाला नेऊ शकतं.

लैंगिक इच्छा कमी होणं हाही या गोळ्यांचा नेहमीचा त्रास आहे. संकोचामुळे लोक गोळी सोडतात, पण मला सांगत नाहीत. सांगा. मात्रा बदलता येते, औषधही बदलता येतं.

आणि मग येते बरं वाटल्यावरची सोडचिठ्ठी. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी गोळी चालू ठेवावी लागते, नाहीतर आजार परत फिरण्याची शक्यता वाढते. या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, पण शरीराला त्यांची सवय होते. पॅरॉक्सेटीन किंवा व्हेनलाफॅक्सीन एकदम थांबवलं तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं, आणि माणूस घाबरून म्हणतो, बघा, आजार परत आला. फ्लुऑक्सेटीन शरीरात बराच काळ रेंगाळतं, म्हणून तिथे हा त्रास कमी होतो. बाकीच्यांची मात्रा आम्ही काही आठवडे, कधी काही महिने घेऊन पायरीपायरीने उतरवतो. शेवटच्या पायऱ्या सगळ्यात छोट्या ठेवतो, कारण बहुतेकांना त्रास होतो तो तिथेच.