गोदाराणी आणि बारा आणे

श्रोतेहो, नमस्कार.

1945 सालच्या ऑक्टोबर महिन्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-उंबरगाव पट्ट्यात गवतकापणीचा संप सुरू होता. पाचशे पौंड गवत कापलं की अडीच रुपये मजुरी हवी, एवढीच वारली आदिवासींची मागणी. हे गवत मुंबईच्या तबेल्यांत जायचं, शहराच्या दुधाचा धंदा त्यावर चालायचा. कापणारा मात्र अर्धपोटी. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला हजारो वारली जमले आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण त्यात मारले गेले.

इतकी माणसं तिथं का जमली? 'गोदाराणीच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या' असा निरोप पाड्यापाड्यांत फिरला होता. गोदाराणी म्हणजे वारल्यांच्या पुढारी गोदावरी परुळेकर. निरोप खोटा होता. जमीनदारांच्या माणसांनीच तो पसरवला, आणि दुसऱ्या बाजूनं वारली दंगा करायला निघालेत अशी ओरड केली, असं किसान सभेचं, म्हणजे कम्युनिस्टांच्या शेतकरी संघटनेचं, म्हणणं होतं. गोदावरीबाई तिथं नव्हत्याच. पण ज्या बाईसाठी माणसं गोळ्या झेलायला उभी राहिली, ती बाई त्या मुलखात येऊन जेमतेम वर्ष होत होतं. हे नातं इतक्या थोड्या दिवसांत कसं जुळलं, त्याविषयी आज बोलायचं आहे.

त्या माहेरच्या गोदावरी गोखले, पुण्याच्या. जन्म 1907 चा. वडील नामांकित वकील, घर सुखवस्तू, आणि नामदार गोखल्यांच्या नात्यातलं. मुलगी कायद्याची पदवीधर झाली; त्या काळात अशा मुली बोटांवर मोजण्याइतक्या. वकिली करून सुखात राहता आलं असतं. त्याऐवजी त्या 1932 मध्ये सत्याग्रह करून तुरुंगात गेल्या आणि घरची नाराजी ओढवून घेतली. पुढं मुंबईत भारत सेवक समाजात दाखल झाल्या. त्या संस्थेच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालवले, घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. तिथेच शामराव परुळेकर भेटले. 1939 मध्ये दोघांनी लग्न केलं आणि दोघंही कम्युनिस्ट पक्षात गेले. युद्धविरोधी प्रचारासाठी लगोलग तुरुंगवासही झाला.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथं उंबरगाव भागातले थोडे वारली आले होते, त्यांत माह्या धांगडा होता. त्याच्याकडून आणि त्याच्या सोबत्यांकडून जे कळलं ते ऐकून परुळेकर दांपत्य तिकडं गेलं.

काय होतं तिकडं? मुख्य म्हणजे वेठ. जमीनदाराचं शेत आधी, आपलं नंतर. मजुरी द्यायची की नाही ही त्याची मर्जी. लग्नगडी हा प्रकार तर आज ऐकतानाही पटत नाही. लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलले की नवराबायको दोघंही त्याचे गडी. कर्ज फिटायचं नाव नाही, कारण हिशेब सावकाराकडं आणि वाचता कुणालाच येत नाही. पावसाळ्यात खावटीचं धान्य घ्यायचं, सुगीला ते वाढवून परत करायचं, की पुन्हा घरात दाणा नाही. कुणी हूं की चूं केलं तर मारहाण.

गोदावरीबाई पाड्यांवर राहू लागल्या, झोपड्यांतून निजल्या, वारल्यांची बोली शिकल्या. पांढरपेशा माणसावर विश्वास ठेवायचा नाही हे त्या लोकांना अनुभवानं ठाऊक होतं, तेव्हा पहिल्याच भेटीत माणसं मोकळी झाली असं कुणी समजू नये. दिवसेंदिवस चालणं आणि ऐकून घेणं, हे काम होतं. भाषणांना गर्दी नंतर जमली.

23 मे 1945 ला झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले. तिथला ठराव क्रांतीच्या पुस्तकात शोभेल असा मुळीच नाही. रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम करायचं नाही, वेठ करायची नाही. झालं! जमीन ताब्यात घ्या, सत्ता उलथवा, असं त्यात काही नव्हतं. माझ्या मते त्या सभेचं शहाणपण इथंच आहे. ज्या माणसानं आयुष्यात कधी 'नाही' म्हटलेलं नाही, त्याच्या तोंडी आधी हे 'नाही' यायला हवं होतं. तेही एकट्याच्या नाही, सगळ्या पाड्याच्या तोंडी एकाच दिवशी. जमीनदार एकेकट्याला झोडू शकत होता. अख्खा तालुका कामाला न येता घरी बसला तर त्यानं कुणाला मारायचं? काही आठवड्यांतच वेठबिगार मोडली. लग्नगड्यांची सुटका करत लाल बावटा घेतलेली माणसं वाड्यावाड्यांवर फिरली.

त्यानंतर गवताचा संप आणि तलवाडा. गोळीबारानंतरही संप फुटला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण हुतात्म्यांची आठवण निघते आणि संपाची राहून जाते. पुढच्या वर्षी जंगलकामगारांनी दिवसाला सव्वा रुपयाची मागणी लावून धरली. तोवर मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं होतं. त्या सरकारनं परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केलं, आणि 1947 च्या जानेवारीत नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला. स्वराज्य दारात उभं असताना. कम्युनिस्टांशी मतभेद असणाऱ्यांनीही हा भाग एकदा डोळ्यांखालून घालावा.

1957 मध्ये शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून आले. साठीच्या दशकात दोघांनाही पुन्हा स्थानबद्धता भोगावी लागली, आणि 1965 च्या ऑगस्टमध्ये शामरावांचा अंत कैदेतच झाला. त्यानंतर बाई आणखी एकतीस वर्षं त्याच कामात राहिल्या. वारली लढ्याचं त्यांनी लिहिलेलं पुस्तक, 'जेव्हा माणूस जागा होतो', 1972 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कारानं गौरवलं गेलं. साहित्यिक व्हायचं म्हणून लिहिलेलं ते नाही, म्हणूनच मला ते मोलाचं वाटतं. वारल्यांचं बोलणं त्यात जसंच्या तसं ऐकू येतं. 1986 मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. 8 ऑक्टोबर 1996 ला त्यांचं निधन झालं.

त्यांच्या पक्षाचं राज्यातलं बळ आज फार नाही, हे उघड आहे. तरी डहाणू मतदारसंघातून 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये लाल बावट्याचाच उमेदवार विधानसभेत गेला. बारा आण्यांचा प्रश्न सुटला, जमिनीचा मात्र पुरता सुटला नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं कसत असलेली वनजमीन नावावर करून मागायचा अधिकार दिला, पण दावे वर्षानुवर्षं अडकून पडले. म्हणून मार्च 2018 मध्ये किसान सभेच्या मोर्च्यात हजारो शेतकरी, आदिवासी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी आले. दहावीच्या मुलांची परीक्षा होती, त्यांना वाहतुकीचा त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतच चालून काढला आणि उजाडायच्या आत आझाद मैदान गाठलं. त्यांच्या मागण्यांत वनजमिनीचे पट्टे अगदी वरच्या क्रमांकावर होते.