पुढचं किती दिसतं?

मंडळी, 'विद्यार्थ्यांच्या टीमने लेव्हल कशी रचावी' हा जाहीर झालेला विषय. त्याकडे येतोच, पण त्याआधी एक गोष्ट बोलू द्या. प्लॅटफॉर्मर, म्हणजे पळत-उड्या मारत पुढे जायचा व्हिडिओ गेम, वेगवान करायचा म्हटलं की पोरं पहिल्यांदा पात्राचा वेग वाढवतात. मी म्हणतो, आधी खेळणाऱ्याला पुढचं किती दिसतं ते मोजा.

१९९१चा पहिला सॉनिक हा गेम घ्या. पडदा ३२० पिक्सेल रुंद, सपाटीवर पळण्याचा कमाल वेग फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राला, ६ पिक्सेल. सॉनिक हे पात्र मधोमध असेल तर पुढे १६० पिक्सेल उरतात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे हातात अर्धा सेकंदही नाही! त्यातला पाव सेकंद बघून बोट हलेपर्यंतच जातो. वळण संपतं तिथेच बिनरंगाचा स्पीडब्रेकर, हे आपण पुणेकर रोज सोसतो. तिथे गाडी चांगली चालवता येते की नाही हा प्रश्नच नसतो. ज्याला तो आधीपासून ठाऊक, तोच वाचतो.

सदाशिव पेठेतल्या एका खोलीत शेवटच्या वर्षाची टीम काम करत होती. मला बोलावलं होतं. चौघांनाही लेव्हल तोंडपाठ, डोळे मिटून पार करायचे. मी म्हटलं, बाहेरचा कोणीतरी आणा. मेसच्या काकूंचा मुलगा आला, सातवीतला. स्प्रिंगवर उडाला, थेट काट्यांवर पडला. परत उडाला, परत काटे. चौघं एका सुरात ओरडले, "अरे, हवेतच डावीकडे वळ!" तो म्हणाला, "दादा, पण खाली काटे आहेत हे मला वरून दिसतच नाही." (हशा) हसा, पण त्या पोराचं वाक्य लिहून घ्या. तो खेळत असताना टीमने तोंड उघडायचं नाही, हेही लिहा. तुमचा खेळ लोक घरी घेऊन जातील तेव्हा तुम्ही मागे उभे नसणार.

मला राग येतो तो परीक्षकांचा. प्रकल्प बघायला येतात आणि पहिला प्रश्न, "लेव्हल किती?" मग पोरं एकच लेव्हल रंग बदलून पुन्हा पुन्हा वाढतात. एकच पूर्ण घडलेली लेव्हल दाखवणाऱ्या टीमला जास्त गुण मिळायला हवेत, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो आणि सांगत राहणार.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो. चित्रं नंतर, आधी करड्या ठोकळ्यांवर लेव्हल पळवून बघा. कॅमेरा धावण्याच्या दिशेने पुढे सरकवा. उडीची उंची-लांबी पक्की होईपर्यंत एकही खड्डा मांडू नका. उडी बदलली की सगळे खड्डे पुन्हा मोजावे लागतात. सॉनिकच्या ग्रीन हिल या पहिल्या भागात वरची वाट चुकली तर बहुतेक ठिकाणी माणूस मरत नाही, खालच्या वाटेवर येतो आणि पळत राहतो. २०१८च्या सेलेस्ट या गेममध्ये मेलात की लगेच त्याच खोलीत उभे राहता, आणि कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते. ही सवलत तुमच्या खेळात आजच घाला. कोडच्या दोन-चार ओळींचं काम आहे.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे.